पडलेल्यानं लिहायची ओळ

कोल्हापूरला कोणी देवीला जातं, कोणी रश्श्यासाठी, कोणी चपला आणायला. मी थडगी वाचायला गेलो होतो. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या गावातून एवढ्या कामासाठी एवढ्या लांब आजवर कोणी गेलेलं नाही, पुढंही कोणी जाईल असं वाटत नाही. म्हणून लिहून ठेवतो.

कारण असं झालं. आमच्या शाळेचे गुरुजी वारले. शाळा त्यांनीच उभी केलेली, आणि त्या शाळेत मी शिपाई. घंटा माझ्याकडे असते. गुरुजींचं स्मारक म्हणून आवारात एक दगड उभा करायचं ठरलं, समिती झाली, सात माणसं झाली. घडवणारा कारागीर म्हणाला, जे पक्कं असेल ते आधी कोरून घेतो. समितीत एकच गोष्ट पक्की होती, सात जणांची नावं. ती कोरून झाली. मधे वीतभर रुंद आणि चार बोटं उंच जागा उरली, ती गुरुजींसाठी.

त्या जागेसाठी एकानं 'ज्ञानसूर्य' आणला, दुसऱ्यानं 'शिक्षणमहर्षी', तिसऱ्यानं 'कर्मयोगी'. प्रत्येकानं दुसऱ्याचा शब्द खोडला. तीन बैठका झाल्या. चौथ्या बैठकीत चहाचे कप उचलताना अध्यक्षांची नजर माझ्यावर पडली. "याला लिहू द्या. गुरुजींनी याला पोटच्या पोरासारखा सांभाळला." सगळ्यांनी माना हलवल्या. माझा हेवा कोणालाच वाटणार नव्हता, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. घरच्या गरिबीनं शिक्षण सुटलं, असं गाव म्हणतं. गावाला ते मीच सांगितलेलं आहे. अशा माणसाला एक ओळ लिहायची, ती दगडावर, ती गुरुजींवर, आणि मुदत एक महिना. माझं जेवण गेलं. फोनवर हे रडगाणं भाची सुजाताला सांगितलं. ती कोल्हापूरला नर्स आहे, उचगावच्या कांबळ्यांची सून. ती म्हणाली, "मामा, इकडे या. इथं नामांकित लोकांच्या समाध्या हायेत, थडगे हायेत. एकेकावर काय काय लिहिलंय! त्यातलं एखादं उचला."

कॉपी करायला इतक्या लांब गेलेला मी पहिलाच विद्यार्थी असेन.

उचगाव

रेल्वेचं काही सांगत नाही. तिकीट खिशात आहे की नाही हे मी किती वेळा पाहिलं, एवढंच त्यात सांगण्यासारखं आहे, आणि ते सांगायला लाज वाटते.

सुजाताच्या सासऱ्यांचं नाव बाळासाहेब. एसटीचे रिटायर ड्रायव्हर. दारातच त्यांनी मोठ्या आवाजात "जयभीम पावणं! किती वाळलाय! खात न्हाईसा काय?" असं विचारलं, तेव्हा माझं काहीतरी चुकलं असावं असं वाटून मी दोन पावलं मागं सरकलो. मागून कळलं, ते स्वागत होतं. आमच्याकडे इतक्या जोरानं बोलणं झालं की शेजारी सोडवायला येतात. तिकडे शेजारी बोलण्यात सामील होतात. आमच्या बोलण्यात दर वाक्याला 'जी', त्यांच्यात दर वाक्याला 'की'. मी "बसतो जी" म्हणायचो, ते "बसा की" म्हणायचे. पहिले दोन तास आम्ही एवढंच बोललो.

जेवायला तांबडा आणि पांढरा रस्सा. आम्ही विदर्भातले लोक तिखटाचा फार गर्व करतो. तांबड्याची मला भीती वाटली म्हणून मी पांढरा घेतला. दिसायला अगदी दुधासारखा गरीब. दुसऱ्या वाटीला कानातून वाफ निघाली. बाळासाहेब हसून हसून ताटावरून उठले. "पांढऱ्यानं फशिवलं बघा पावण्यांना! अगं, दही आण की!"

आमच्याकडे तीन वेळा भात, त्यांच्याकडे भात शेवटी दोन घास, उरकल्यासारखा. सुजाताच्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी ते माझ्या तोंडावर ओळखलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यापुरता पातेलंभर भात शिजवला. या उपकाराची फेड कशी करायची, हे मला अजून कळलेलं नाही.

जेवताना बाळासाहेबांनी विचारलं, शाळा किती झाली? मी नेहमीचं सांगितलं. घरची गरिबी जी, सुटली. ते म्हणाले, "आमचंबी तेच." आणि मला आणखी एक भाकरी वाढली. ती भाकरी मला जरा जड गेली.

कोल्हापूर

सकाळी बाळासाहेबांच्या स्कूटरवरून निघालो. एसटी चालवलेला माणूस स्कूटर चालवतो तेव्हा त्याला वाटतं, मागे चाळीस माणसं आहेत आणि रस्ता आपल्याला मोकळा करून दिला जाईल. मी डोळे मिटून बुद्धवंदना म्हटली.

पहिली समाधी नदीकडेची, एका पुढाऱ्याची. संगमरवर, कठडा, दिवे. मी वही काढली. वर 'लोकनेते', मग 'दीनांचे कैवारी', मग उद्घाटन कोणाच्या हस्ते, प्रमुख उपस्थिती कोणाची, सौजन्य कोणाचं. गेलेल्या माणसाचं नाव काही सापडेना. बाळासाहेबांनी खाली वाकून तुळशीची कुंडी बाजूला सरकवली. तिच्यामागं होतं.

"तुमच्या दगडावर किती नावं हायती?"

"सात."

"मग कुंडी तेवडी ठेवू नका."

तिथून जवळच एका गवयाची समाधी आहे. साधा काळा दगड. गाणं संपलं की तंबोऱ्याच्या तारा सैल करून ठेवतात, त्याला उतरवणं म्हणतात, हे मला बाळासाहेबांनी सांगितलं. दगडावर एवढंच होतं: 'तंबोरा उतरवू नका. आलोच.' मी ते वहीत उतरवून घेतलं आणि उगीच थोडा वेळ उभा राहिलो. पण गुरुजी कुठं गाणारे! प्रार्थनेलासुद्धा ते फक्त ओठ हलवायचे.

मग ख्रिश्चन लोकांच्या दफनभूमीत गेलो. तिथं जुन्या सिनेमातला एक खलनायक झोपला आहे. बाळासाहेब त्याला ओळखत होते. "माझ्या गाडीनं यायचा ओ. लई गरीब माणूस. पण बायका त्येच्या शेजारी बसायच्या न्हाईत. एकीनं तर गाडीतच त्येला चप्पल दावलीती. ह्यो आपला हात जोडून म्हणतोय, ताई, त्यो पिच्चर हुता."

त्याच्या दगडावर लिहिलं होतं: 'पडद्यावर पुष्कळदा मेलो. या खेपेला कट कोणी म्हणालं नाही.'

मी हसलो आणि मग थडग्यापुढं हसलो म्हणून घाबरलो. बाळासाहेब म्हणाले, "हसा की. त्येला जिवंतपणी कोन हसलं न्हाय." हीही ओळ वहीत गेली. वही भरत होती आणि माझी काळजी वाढत होती. एकाहून एक ओळी, पण प्रत्येक ओळ ज्याची त्यालाच बसणारी. गुरुजींना घालून पाहिली की एकीच्या बाह्या लांब व्हायच्या, दुसरीचा गळा तंग.

संध्याकाळी गंगावेशीत गेलो. तिथं म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि पेला हातात देतात. फेस ओठाला लागतो. आमच्याकडे दूध उकळल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही. पोटाचं काय होईल या काळजीत मी पेला दोन्ही हातांनी धरून उभा होतो. गवळी ओरडला, "काय बघालाय पावणं? पिवा की, म्हस बघत्या!" म्हैस खरोखर बघत होती. प्यालो. पोटाचं काही झालं नाही, हे इथं कृतज्ञतेनं नोंदवतो.

दूध पिताना बाळासाहेबांना आठवलं. "आयला, गुलाब वस्ताद ऱ्हायला की!"

गुलाब वस्ताद हे तिकडचे मोठे पैलवान, नंतर तालमीचे वस्ताद झाले. त्यांची कबर तालमीच्या मागच्या कबरस्तानात आहे. आम्ही गेलो तेव्हा दोन पैलवान व्यायाम सोडून आलेले, अंगाला तांबडी माती, ओंजळीत कुस्तीच्या हौद्यातली माती. ती त्यांनी कबरीच्या पायथ्याशी ठेवली आणि परत गेले. फुलं नाहीत, चादर नाही. दगड लहानसा. त्यावर लिहिलेलं:

'ह्यानं मला पाडलं. माती कोरडी हुती. — म्हादू, मुरगूड.'

मी दोनदा वाचलं. कबर गुलाब वस्तादांची, बोलतोय म्हादू. आणि मातीचं काय मधेच? पाऊसपाण्याची नोंद थडग्यावर करायची ही कोणती पद्धत?

तालमीतला एक वयस्कर माणूस मागे उभा होता. सध्याचे वस्ताद तेच. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आमच्या तालमीची रीत हाय, पावणं. दगडावरची वळ शिष्यानं लिवायची न्हाय, घरच्यानं न्हाय. ज्याला त्यानं पाडलं, त्येनं लिवायची."

"काहून जी?"

"शिष्य वाढवून सांगतोय. घरचं रडून सांगतंय. पडल्याला माणूस नेमकं सांगतोय. त्येच्याच पाठीला लागल्याली आसती माती."

"आन् कोरडी काहून म्हणते?"

वस्ताद हसले. "ते म्हादू तात्यालाच इचारा. हाय अजून मुरगूडला. दगडावर सही हाय म्हनून मेलाय आसं समजू नका."

मुरगूड

तिसऱ्या दिवशी मुरगूडला एसटीनं गेलो. बाळासाहेब ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि पूर्ण वाट पायानं ब्रेक दाबत राहिले.

म्हादू तात्या गोठ्याजवळ खाटेवर बसलेले. ऐंशीच्या घरातले, कान चुरगळलेले, गुडघे कामातून गेलेले, पण मान अजून बैलाची. बाळासाहेबांनी ओळख करून दिली. "लई लांबनं आल्यात, तात्या. भंडाऱ्यासनं. तुमची दगडावरची वळ बघून आल्यात."

"आजून हाय व्हय ती?" तात्या म्हणाले. "मला वाटलं पावसानं गेली आसंल. बरं झालं आस्तं."

सुनेनं चहा आणला. मी वही गव्हाणीच्या कडेवर ठेवून कप घेतला आणि धीर करून विचारलं, "बाबाजी, माती कोरडी होती असं काहून लिहिलं?"

तात्यांनी चहा बशीत ओतला. सावकाश प्याले.

"कारन मी वली सांगितल्याली."

मग जे सांगितलं ते असं. मैदान मोठं होतं. दोघंही जवान, दोघंही नाव झालेले. पाचव्या मिनिटाला गुलाब पाय धरायला पटात शिरला, घिस्सा डाव मारला आणि म्हादूची पाठ जमिनीला लावली. "उठलो. मानसं वरडालती. माझ्या तोंडातनं पयला शबुद आला, माती वली हाय, पाय घसारला. बास. गावभर झालं. म्हादू पडला न्हाय, घसारला. चाळीस वर्सं मला लोकांनी घसारल्याला पैलवान म्हनूनच जेवायला बोलवलं."

"आन् गुलाब वस्ताद?" मी विचारलं.

"त्येची तर खरी गंमत. त्येला लोकं इचारायची, वस्ताद, माती वली हुती काय? त्यो म्हनायचा, व्हय, जरा वली हुती. एकदाबी कोरडी म्हनला न्हाय. माझ्या पोरीच्या लग्नात वाढपी म्हनून राबला, तवाबी न्हाय. मला वाटायचं, आज बोलंल, उद्या बोलंल. रांडचा मरंस्तवर बोल्ला न्हाय." तात्यांनी डोळे पुसले की घाम, ते मी पाहिलं नाही. "मग त्यो गेला. तालमीतली आली, म्हनली रीत हाय, वळ द्या. मी लिवून दिलं, मोठा पैलवान, थोर मन, आसलं कायबाय. त्यांनी कागद परत दिला. म्हनली, तात्या, हे तर कुनीबी लिवंल. तीन दिस जेवलो न्हाय. चवथ्या दिशी हे लिवलं."

"घरचे काय म्हणाले?"

"बायकू म्हनली, म्हातारपनात अब्रू घालवली. पोरगं आठ दिस बोल्लं न्हाय." तात्या हसले. "आन गुलाबला वाचाय येत न्हवतं, ते येगळंच!"

एवढ्यात बाळासाहेब ओरडले, "आवो पावणं, वही!"

गव्हाणीतल्या म्हशीनं माझी वही तोंडात घेतली होती. मी धावलो, बाळासाहेब धावले, सून धावली. ओढून काढली तेव्हा तंबोरा गेला होता, कट गेला होता, आदल्या दिवसाच्या सगळ्या नामांकित ओळी रवंथाला लागल्या होत्या. म्हशीनं फक्त शेवटचं पान सोडलं. त्यावर जागेचा अंदाज यावा म्हणून समितीच्या सात जणांची नावं लिहून दिलेली होती. ती तिलाही गेली नाहीत.

मी खाली बसलो. खरंच रडायला आलं. इतका खर्च, इतकी वाट, आणि हातात ती सात नावं. तात्यांनी मला खाटेवर ओढून बसवलं.

"कशाला पायजे हुत्या त्या वळी?"

बाळासाहेबांनी गुरुजींची, दगडाची, समितीची सगळी हकीकत सांगितली. तात्यांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "मास्तरनं तुला पाडलं कवा?"

"ह्यास्नी कोन पाडतंय?" बाळासाहेब माझ्या वतीनं म्हणाले. "घरच्या गरिबीनं शाळा सुटली ह्येंची. मास्तरनं उलट नोकरी लावली."

तात्या माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवून 'हाव' म्हणणार होतो. हे मी आयुष्यभर करत आलो आहे, त्याला काही मेहनत लागत नाही. पण समोर तो चुरगळलेल्या कानांचा म्हातारा बसला होता, आणि त्याला वली मातीची सगळी माहिती होती.

"गरिबी होती जी," मी म्हणालो, "पण शाळा तिच्यानं नाही सुटली. गुरुजींनी मले सातवीत नापास केलं. रागानं दप्तर तळ्यात फेकलं. घरी सांगितलं, आता कामाले जातो."

बाळासाहेबांचा हात मिशीवर होता तिथंच राहिला. मी पुढं बोलत गेलो. थांबता येईना. दहा-बारा वर्षांनी गुरुजींनीच मला शिपाई म्हणून शाळेत घेतलं. पहिलंच काम दिलं माळा झाडायचं. तिथं जुन्या पेपरांचे गठ्ठे होते. मी माझा शोधून काढला. मनात होतं, चूक सापडली तर त्यांच्या टेबलावर नेऊन आपटायचा. दोन दिवस मधल्या सुट्टीत बसून एकेक गणित तपासलं. चूक सापडली. एका उत्तराला मार्क द्यायला नको होते, तिथं त्यांनी दोन दिले होते. म्हणजे दोन जास्त देऊनसुद्धा मी नापास होतो. पेपर परत गठ्ठ्यात बांधला. आणि लोक माझी गरिबीची गोष्ट सांगायचे तेव्हा गुरुजी तिथं असले तरी मान हलवायचे. हो, फार हलाखी होती, म्हणायचे.

म्हैस माझ्या वहीची पानं चघळत होती.

"मग?" तात्या म्हणाले. "आता काय म्हशीला इचारतोस?"

परत गावी

निघताना बाळासाहेबांनी माझ्या पिशवीत गूळ घातला, चटणी घातली, आणि ज्या गोष्टीची मला भीती होती त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. स्टेशनवर फक्त एवढं म्हणाले, "पावणं, आमचीबी शाळा गरिबीनंच सुटली, बरं का." आणि जोरात डोळा मारला.

समितीपुढं मी ओळ वाचली: 'यांनी मला दोन मार्क जास्त दिले, तरी मी नापास झालो.'

अध्यक्ष म्हणाले, "अरे, पण तुझी तं गरिबी होती ना?"

"होती जी. पेपर वेगळा होता."

हेडमास्तर म्हणाले, शाळेच्या दारात 'नापास' शब्द चालणार नाही, पालक काय म्हणतील. उपाध्यक्ष म्हणाले, यात गुरुजींचा गौरव कुठं आहे. एक सभासद बराच वेळ खाली पाहत बसले होते, ते हळूच म्हणाले, "मले एक जास्त दिला होता. मी पास झालो." त्यांच्याकडे सगळे असे पाहू लागले की त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

शेवटी तोड निघाली. गुरुजींच्या वाट्याला आलेल्या जागेत 'शिक्षणमहर्षी' बसवायचा, रस्त्याच्या बाजूनं. माझी ओळ हवीच असेल तर दगडाच्या मागच्या अंगाला. तिथं जागा पुष्कळ, आणि पाहुण्यांच्या नजरेस पडत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्यांना आता सात नावं आणि एक महर्षी दिसतो. मागची बाजू शाळेकडे आहे. मधल्या सुट्टीत पोरं तिथंच डबे खातात. आणि घंटा तिच्या समोर टांगलेली आहे.

दगड बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाळासाहेबांचा फोन आला. खास मुरगूडला गेले होते. फोन तात्यांच्या कानाला लावून दिला. तात्या फोनवर असं बोलत होते की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

"लिवलं का?"

"हाव जी."

"माती कशी सांगितली?"

"कोरडी जी."

"हां! मग बशीवला का दगुड? का परत दिला कागद?"

"बसवला जी. पण माझी ओळ मागच्या बाजूले लावली. पुढं नको म्हणाले."



"मागंच बरं," तात्या म्हणाले. "पाठच लागती मातीला."

मी आणखी काही बोलणार होतो, पण समोर पोरं उभी राहून माझ्याकडे बघत होती. सुट्टी संपून दोन मिनिटं झाली होती, आणि घंटा माझ्याकडे होती.